शेणाचा हिशेब

वाचकहो, तुमच्या गावात शाळेच्या मागे, चावडीशेजारी किंवा ओढ्याकाठी एखादी वस्तू गंजत पडलेली असेल. काच फुटलेला सौरदिवा असेल, मोटर चोरीला गेलेला पंप असेल, नाही तर पाते मोडलेली पवनचक्की असेल. तिच्यावर रंगाने लिहिलेले योजनेचे नाव, साल आणि खर्चाची रक्कम अजून वाचता येत असेल. येता-जाता तुम्ही ती पाहता आणि सरकारला दोन शब्द ऐकवून पुढे जाता. ते दोन शब्द ज्यांना लागायला हवेत त्यांपैकी मी एक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाडीत अशीच एक वस्तू पडून आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

मी कृषी पदवीधर. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी उभी हयात गेली. पुढच्या वर्षी मे अखेरीस निवृत्त होईन. एरवी मी तुम्हाला बीजप्रक्रियेविषयी किंवा हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी सांगितले असते. पण गेल्या श्रावणात एक प्रसंग घडला आणि पंचवीस वर्षे मनात दाबून ठेवलेली गोष्ट वर आली. ती एकदा कुणाला तरी सांगून टाकावी असे वाटले.

झाले असे की आमच्याच तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचबाई बचत गटाच्या चार बायकांना घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. बाई तिशीतल्या, डी.एड. झालेल्या, बोलायला खणखणीत. हातात कागदांची पिशवी. म्हणाल्या, "साहेब, गावाला पर्यावरणाच्या कामाचं अनुदान आणायचंय. सगळ्या गावाला पुरेल असा मोठा गोबरगॅस बसवायचा. तुम्ही प्रस्ताव फार चांगला लिहिता असं ऐकलंय."

वाचकहो, खरे सांगतो, दुसऱ्या कुणाला ही स्तुती वाटली असती. माझ्या घशाशी चहा अडकला.

१९९८ सालची गोष्ट. नोकरीला पाच वर्षे झाली होती, अंगात रग होती. माझ्याकडे जी गावे होती त्यात बावीस घरांची एक वाडी होती. माळरान, मुरमाड जमीन, ज्वारी-बाजरीचे पीक, दोन-चार विहिरी. सगळ्या घरांत चूल. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, चिपाडे आणि गोवऱ्या. सकाळी सहा वाजता वाडीवर गेलो की घराघरांतून धूर आणि खोकला एकदमच बाहेर यायचा. त्याच सुमारास सामुदायिक बायोगॅससाठी निधी उपलब्ध असल्याचे कळले. मी ठरवून टाकले की ही वाडी धुरातून मोकळी करायची.

मागचे बरेच वाचन मी तेव्हा केले होते. १८९७ सालीच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून जळाऊ वायू काढत होते. पुढे १९५० नंतर जशभाई पटेल यांनी लोखंडी टोपाचे संयंत्र तयार केले, खादी आयोगाने ते देशभर नेले. १९८१-८२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प काढला, आणि १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे 'दीनबंधू' नावाचे स्वस्त संयंत्र आले. महाराष्ट्रात तर गोबरगॅसचे नाव ऐकले नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. हे सगळे मी प्रस्तावाच्या पहिल्या दोन पानांत लिहिले. अक्षर सुरेख होते.

तिसऱ्या पानावर हिशेब होता. माणशी स्वयंपाकाला रोज पाव घनमीटर वायू लागतो. बावीस घरांत माणसे एकशे दहा. म्हणजे साडेसत्तावीस घनमीटर वायू. एक घनमीटरला पंचवीस किलो ताजे शेण धरायचे. म्हणजे रोज सातशे किलोच्या आत-बाहेर शेण. वाडीत जनावरे एकाहत्तर. जनावरामागे दहा किलो शेण धरले की सातशे दहा. हिशेब असा चपखल बसला की मीच माझ्यावर खूश झालो. वरिष्ठांनी पाठीवर थाप मारली. मार्चअखेर जवळ आला होता, निधी परत जाण्याच्या आत खर्ची पडायला हवा होता. मंजुरी तीन आठवड्यांत आली. तुम्हाला एखाद्या विहिरीच्या कर्जाला किती फेऱ्या माराव्या लागतात ते आठवा आणि ही तीन आठवड्यांची मंजुरी आठवा, म्हणजे मार्च महिना काय चीज आहे ते कळेल.

आता हिशेबातली चूक सांगतो. तुमच्यातल्या कोणत्याही शहाण्या बाईने ती एव्हाना पकडली असेल.

एकाहत्तर जनावरांत वासरे होती. वासरू दहा किलो शेण देत नाही, पाच देते. बैल आणि गावठी गायी दिवसभर माळावर चरायला जात. त्यांचे निम्मे शेण माळावरच पडे. राहिलेल्या शेणातले काही घर सारवायला, काही कणगीला लिंपायला. आणि आखाडात, सुगीत, लग्नसराईत शेण गोळा करायला घरात माणूसच नसते. रोज सातशे किलो शेण माझ्या कागदावर होते, वाडीत ते साडेतीनशेच्या वर कधी गेले नाही. थंडीत तर वायू आणखी कमी होतो, कारण शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते. हे मी कॉलेजात शिकलो होतो. प्रस्ताव लिहिताना थंडी आठवली नाही.

१९९९ च्या फेब्रुवारीत संयंत्र सुरू झाले. मोठ्या साहेबांच्या हस्ते शेगडी पेटवली. निळी ज्योत पाहून बायकांनी तोंडावर पदर घेतला, एक म्हातारी नमस्कार करून गेली. पहिले चार महिने बरे गेले. मग ज्या घराचे शेण जास्त त्यांनी विचारायला सुरुवात केली, की आम्ही पाच पाट्या घालतो आणि अमक्याची सून एक पाटी घालून आमच्याइतकाच वेळ गॅस जाळते, हे कसे? सकाळी सात वाजता सगळ्यांच्या शेगड्या एकदम पेटत आणि शेवटच्या चार घरांत ज्योत काडीएवढी उरे. त्या चार घरांनी शेण घालणे थांबवले. वायू आणखी घटला. कुंडीत काला ढवळायला जो पोऱ्या ठेवला होता त्याचा पगार तिसऱ्या महिन्यापासून थकला, कारण प्रस्तावात बांधकामाचा, लोखंडाचा, नळाचा सगळा खर्च होता आणि पोऱ्याच्या पगाराला रकानाच नव्हता. लोखंडी टोपाला दरवर्षी रंग लागतो. तो दुसऱ्या वर्षी कुणी द्यायचा यावर बैठक झाली, आणि त्या बैठकीत दोन भावांतली बांधाची जुनी भानगड निघाली. रंग राहिला. २००१ च्या पावसाळ्यात टोपाला भोक पडले आणि सगळे थांबले. पुढे २००३ च्या दुष्काळात वाडीची जनावरे छावणीला गेली, त्यातली निम्मी परत आलीच नाहीत.

इथवरची गोष्ट कुठल्याही बंद पडलेल्या योजनेची असते. माझ्या मनाला लागून राहिले ते निराळेच आहे.

वाडीत कडेला एका आक्काचे घर होते. विधवा, भूमिहीन, पदरी एक मुलगा. घरात जनावर नाही. ती सकाळी टोपले घेऊन रस्त्यावरचे, माळावरचे, ओढ्यातले शेण गोळा करायची, गोवऱ्या थापायची. निम्म्या घरी जाळायची, निम्म्या बाजारच्या दिवशी विकायची. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर पडलेले शेण ज्याने उचलले त्याचे, असा रिवाज. संयंत्र झाले आणि शेणाला एकाएकी मोल आले. ज्या घरांनी कधी रस्त्याकडे ढुंकून पाहिले नव्हते तीदेखील पोरांना टोपली देऊन जनावरांमागे धाडू लागली. आक्काला गॅसची जोडणी नव्हती, कारण नियमाप्रमाणे शेण देणाऱ्यालाच जोडणी. आणि तो नियम मीच लिहिला होता. न्यायाचा म्हणून लिहिला होता.

एकदा मी संयंत्र बघून परतत होतो. ती दारात बसली होती. मी सवयीने विचारले, "काय आक्का, बरं आहे ना?"

ती म्हणाली, "बरं हाय की सायेब. तुमी समद्यांच्या घरातला धूर घालवला. माझ्या घरातला बी गेला. चुलीत घालाय कायबी ऱ्हायलंच न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते. मी "बघू, काहीतरी करू" म्हणालो आणि मोटरसायकलला किक मारली. काही केले नाही.

त्यानंतरची गोष्ट सांगायला जास्त जड जाते. २००१ च्या अखेरीस निधीचा तीन वर्षांचा अहवाल मागवण्यात आला. छापील नमुना होता. शेवटी वाक्य होते : 'सदर संयंत्र सुस्थितीत कार्यरत असून लाभार्थी समाधानी आहेत.' खाली सहीची जागा. कार्यालयातून निरोप आला की सगळ्या तालुक्यांचे अहवाल 'चालू' म्हणून जाताहेत, आपल्या एकाचाच वेगळा गेला तर पुढच्या वर्षीचा निधी अडेल. मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. आक्काचा उल्लेख त्या नमुन्यात कुठे करायचा हे मला त्या वेळी सुचले नाही असे मी स्वतःला सांगतो, पण ते खरे नाही. सुचले होते. 'शेरा' नावाचा एक रकाना होता. तो मी कोरा ठेवला.

असो. तर सरपंचबाई माझ्यासमोर बसल्या होत्या.

त्यांची पिशवी मी उघडून पाहिली. बाईंनी कागद मन लावून जमवले होते. कोणती योजना म्हणू नका, सगळ्या होत्या. राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान, जे २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाले आणि ज्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर ग्रामपंचायतींना गुण देऊन बक्षिसे देतात. 'गोबरधन'ची माहिती, ज्यात स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक संयंत्रांसाठी जिल्ह्यामागे ५० लाखांपर्यंत तरतूद होती. २०२३ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्याचे कात्रण, ज्यात सौर प्रकल्पाला जमीन मिळाली तर गावाला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षे मिळण्याची सोय होती. पीएम सूर्यघर योजनेतल्या आदर्श सौरग्रामाचे १ कोटीचे कात्रणही होते, त्यावर बाईंनी लाल शाईने खूण केली होती. त्या स्पर्धेची अट ५,००० लोकवस्तीची, आणि बाईंचे गाव अकराशेचे. मी दाखवले तेव्हा बाईंचे तोंड उतरले. पण लगेच म्हणाल्या, "मग पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी एवढीशी, ती कशी राज्यातली पहिली सौरग्राम झाली २०२४ ला?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "ताई, मान्याचीवाडीने सौर पत्रे बसवायच्या कितीतरी वर्षे आधी गाव झाडायला सुरुवात केली होती. संत गाडगेबाबा अभियानात बक्षिसे घेतली. शंभरएक घरे एका विचाराने वागायला आधी शिकली, पैसा त्यानंतर आला. आपल्याकडे पैसा आधी येतो आणि विचार करायला बैठक मार्चनंतर होते."

मग मी त्यांना माझ्या वाडीची गोष्ट सांगितली. आक्कासकट, सहीसकट. बाई गप्प झाल्या. बरोबरच्या बायकांतली एक वयस्कर मावशी म्हणाली, "साहेब, आमच्या गावातबी नऊ घरात जनावर न्हाई." एवढेच बोलली. पण मला वाटले की यावेळी शेराचा रकाना आधीच भरला गेला.

मी प्रस्ताव लिहायला नकार दिला नाही. एक अट घातली. आठ दिवस प्रत्येक घराने शेण मोजायचे. अंदाजाने नाही, काट्यावर. गावच्या दूध संस्थेचा एक जुना वजनकाटा धूळ खात पडला होता, तो चावडीत आणून ठेवला. बचत गटाच्या बायकांनी वही केली. घर, जनावरे, गोठ्यात बांधलेली किती, चरायला जाणारी किती, सकाळचे शेण, संध्याकाळचे शेण, सारवणाला किती, उकिरड्याला किती. मी स्वतः तीन दिवस पहाटे पाचला तिथे हजर होतो. बायको म्हणाली, "निवृत्तीला आलात आणि आता शेण जोखायला निघालात." म्हटले, तेव्हाच जोखले असते तर आज निघावे लागले नसते.

मोजण्याआधी लोकांना विचारले तर बेरीज नऊशे किलो निघाली. काट्यावर सहाशे भरली. मनुष्यस्वभाव आहे, आपले शेणही आपल्याला जास्तच वाटते. पण खरी गंमत बेरजेत नव्हती, वाटणीत होती. आता दिवस बदलले आहेत. गावठी जनावरे कमी झाली, संकरित गायी दावणीला आल्या. दावणीच्या संकरित गायीचे शेण पंधरा-वीस किलो भरते आणि ते सगळे गोठ्यातच मिळते. या गावात पाच घरांकडे मोठे गोठे होते, आणि एकूण शेणापैकी चारशे किलो त्या पाच घरांचे होते. म्हणजे 'सामुदायिक' संयंत्र उभे राहिले असते तर पाच घरांच्या शेणावर ऐंशी घरांनी हक्क सांगायचा, असा प्रकार झाला असता. पहिल्या दिवाळीलाच गावात दोन तट पडले असते.

इथे तुम्हाला कर्नाटकातल्या एका गावाची हकीगत सांगितली पाहिजे. तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे खेडे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे १९८० च्या दशकात सामुदायिक बायोगॅस उभा केला. ती मोठी विद्वान माणसे, पण त्यांचाही पहिला बेत माझ्यासारखाच होता, घरोघर स्वयंपाकाला गॅस. आणि त्यांनाही तोच अनुभव आला, शेण पुरेना. फरक असा की त्यांनी गावाला जाऊन विचारले, तुम्हाला काय हवे? गाव म्हणाले, पाणी. मग त्यांनी त्या वायूवर डिझेलच्या जोडीने इंजिन चालवले, वीज केली, कूपनलिकेचे पाणी उचलून घराजवळच्या नळांना दिले, आणि दिवे लावले. शेण आणून देईल त्याला किलोमागे ठरलेले पैसे, आणि कुजून निघालेले खत ज्याचे त्याला परत. संयंत्र चालवायला गावचीच पोरे पगारावर. सगळ्यांना पाणी मिळत असल्यामुळे शेण थांबवले तर सगळ्यांचा, आपलासुद्धा नळ बंद पडतो, हे प्रत्येकाला दिसत होते. त्यामुळे ते बरीच वर्षे चालले.

हे मी १९९८ मध्ये वाचलेले नव्हते असे नाही. वाचले होते, पण प्रस्तावाच्या संदर्भासाठी.

सरपंचबाईंनी ग्रामसभा बोलावली. मी सोबत वही घेऊन गेलो आणि घरवार आकडे वाचून दाखवले. गलका झाला. एक पुढारी उठून म्हणाले, "साहेब, लाखो रुपये येताहेत ते येऊ द्या की. चाललं तर चाललं, नाहीतर लोखंड तरी राहील." लोक हसले. मीही हसलो, पण मला माझ्या वाडीचा टोप आठवला. त्याचे लोखंडही राहिले नव्हते, कुणीतरी रात्री कापून नेले होते.

तीन सभा झाल्या. त्यातल्या दुसऱ्या सभेत काय झाले ते सांगत नाही, तुमच्या गावच्या ग्रामसभेला तुम्ही जात असालच. शेवटी जे ठरले ते असे. मोठ्या संयंत्राचा नाद सोडायचा. ज्यांच्या गोठ्यात पुरेसे शेण आहे त्यांनी आपापले दोन ते चार घनमीटरचे घुमटाचे संयंत्र बांधायचे. दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, चार-पाच माणसांचे दोन वेळचे रांधणे त्यावर निघते. त्यासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये अनुदान धरलेले होते. हे पैसे काम झाल्यावर, तपासणीनंतर येतात, आधी आपल्याच खिशातून घालावे लागतात. हे मी तीन-तीनदा सांगितले, कारण अनुदान म्हणजे काम सुरू होण्याआधी मिळणारी रक्कम असा आपल्याकडे पक्का समज आहे. काही घरे तयार झाली. पहिल्या पावसाआधी बहुतेकांची संयंत्रे झाली, राहिलेल्यांनी खड्डा घेऊन ठेवला आहे.

ज्यांनी बांधली त्यांच्या बायकांना मी स्लरीचे महत्त्व पटवून दिले. वाचकहो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. संयंत्रात घातलेले शेण जळून जात नाही. त्यातला वायू निघतो आणि खत मागे राहते. तेही उघड्या उकिरड्यावरच्या खतापेक्षा कसदार, कारण उकिरड्यावर उन्हापावसात नत्र उडून आणि वाहून जाते. आणि पुऱ्या कुजलेल्या स्लरीला माशा बसत नाहीत, तणाचे बी बरेचसे मरते. गोवरी केली की धूर आणि राख मिळते, खत गेले ते गेले. एका पठ्ठ्याने स्लरी थेट डाळिंबाच्या आळ्यात ओली ओतली आणि झाडे पिवळी पडली म्हणून मला फोनवर फैलावर घेतले. चूक माझीच. ती सुकवून किंवा पाण्यात पातळ करून द्यायची हे मी त्याच्या बायकोला सांगितले होते, त्याला सांगितले नव्हते.

आणि सामुदायिक म्हणून जो पैसा ग्रामपंचायतीकडे होता, थोडा बक्षिसाचा, थोडा स्वतःच्या निधीतला, तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर सौरपंप बसवायला वापरायचा. पाणी ऐंशी घरांना लागते, जनावर असो वा नसो. ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले की आधी पाणीपुरवठा तुटायचा आणि मग बायका हंडा घेऊन दीड किलोमीटर जायच्या. आता ऊन आहे तोवर टाकी भरते. दर घरी महिना वीस रुपये देखभालीचे, आणि ते बचत गटाच्या खात्यात, ग्रामपंचायतीच्या नाही. हा बाईंचाच आग्रह होता. सरपंच असून आपल्याच ग्रामपंचायतीवर विश्वास नाही का, असे कुणीतरी विचारले. त्या म्हणाल्या, "माझ्यावर आहे. माझ्यानंतर कोण येईल ते मला माहीत नाही." सौर पत्र्यांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी थंड असताना ते पाण्याने धुवायचे. त्याची पाळी लावली आहे. पाळी कधी चुकते. पण पंप चालू आहे.

त्या नऊ घरांचे काय, हा प्रश्न मी शेवटपर्यंत सुटू दिला नाही. ग्रामसभेत असा ठराव झाला की गायरानावरचे आणि रस्त्यावरचे शेण त्या घरांचेच. गोठेवाल्यांनी ते उचलायचे नाही. कागदावर लिहून घेतले, कारण रिवाज मोलापुढे टिकत नाही हे मी एकदा पाहिले आहे. एका मोठ्या गोठेवाल्याकडे वायू उरत होता. त्याने शेजारच्या दोन घरांना नळी दिली, त्या बदल्यात त्यांनी सकाळी काला करून कुंडीत घालायचा. त्यातले एक घर अजून त्या गॅसवर रांधते. दुसऱ्या घराची नळी संक्रांतीच्या सुमाराला बंद झाली. कारण विचारले तर दोन्ही बाजूंनी वेगवेगळे सांगतात. राहिलेली सात घरे पूर्वीसारखीच चुलीवर आहेत. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर त्यांच्याकडे आहे, पण मजुरीच्या पैशात भरलेले सिलिंडर दर महिन्याला येत नाही. म्हणजे काम पुरे झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. या वेळच्या अहवालात शेराच्या रकान्यात ही सात घरे लिहिली आहेत. जागा पुरली नाही म्हणून मागे कागद जोडला.

हे सगळे झाल्यावर माझ्या मनाने उचल खाल्ली. मी कार्यालयाला एक पत्र लिहिले, की १९९९ साली अमुक वाडीत उभारलेले संयंत्र २००१ पासून बंद असून त्याबाबत मी दिलेला अहवाल वस्तुस्थितीला धरून नव्हता. निवृत्तीच्या तोंडावर असे पत्र कुणी लिहीत नाही, हे मला तिघा सहकाऱ्यांनी समजावले. बायकोला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पेन्शनला काही होणार नाही ना?" मला ठाऊक नव्हते. तरी पाठवले. दोन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. सदर प्रकरणाची नस्ती मुदतबाह्य झाल्याने नष्ट करण्यात आली आहे, सबब कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.

मग एका रविवारी मी त्या वाडीला गेलो. रस्ता डांबरी झाला आहे. संयंत्राची विहीर दगडमातीने बुजली आहे, वर बाभळ आली आहे. शेजारी अवजारे ठेवायला बांधलेली पत्र्याची खोली मात्र उभी आहे. भिंतीवरचे योजनेचे नाव पुसट झाले आहे, रक्कम अजून वाचता येते. आक्का २०११ मध्ये गेली. तिची सून भेटली, तिने मला ओळखले नाही. मी कोण ते सांगितले. ती "हां हां, गॅसवालं सायेब" म्हणाली आणि घोंगडी अंथरली.

त्या खोलीत छतापर्यंत गोवऱ्यांची हुडवी रचलेली होती. पावसाळ्याची बेगमी. पत्रा असल्याने भिजत नाहीत, म्हणाली. मग जरा घुटमळून तिने विचारले, "सायेब, ही खोली सरकारची म्हनत्यात. काढून घेणार न्हाईत न्हवं?"

मी म्हणालो, "नाही. सरकारच्या कागदावर ही खोली आता राहिलेलीच नाही. तू वापर."

तिला ते कितपत कळले कोण जाणे. तिने चहा आणून दिला. सिलिंडर आतल्या खोलीत पोत्याने झाकून ठेवला होता, पाहुणे जेवायला असले तरच लावते म्हणाली. चहा चुलीवरचा होता, धुराचा वास असलेला. मी दोन कप प्यालो.